ग्रंथालय चांगले, की अपेक्षाच कमी?

नॅकचे मूल्यांकन होणार असे कळले की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रश्नावल्यांचा गठ्ठा येऊन पडतो. हल्ली तो मोबाईलवरही येतो. ग्रंथालयाची सेवा कशी वाटते? उत्तम, चांगली, समाधानकारक, असमाधानकारक. विद्यार्थी रांगेत उभ्या उभ्या खुणा करतात, टक्केवारी निघते आणि 'बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत' हे वाक्य अहवालात जाऊन बसते. आमचा प्रश्न साधा आहे. विद्यार्थी इतके समाधानी असतील, तर पुण्याच्या शनिवार पेठेतल्या अभ्यासिका कोणाच्या जिवावर चालतात?

शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून अशा अभ्यासिका आहेत. एक खुर्ची, एक फळी, एक दिवा, मोबाईल चार्ज करायला एक पॉइंट. बीड, परभणी, नांदेड, यवतमाळकडची, शेतमजुरांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या घरची मुले-मुली तेथे बसतात. त्यांत स्पर्धा परीक्षा देणारे पदवीधर आहेत, तसे अजून महाविद्यालयात नाव असलेलेही आहेत. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरल्यावर त्यांना खुर्चीचेही भाडे भरावे लागते. ते भाडे पुस्तकांचे नसते. शांतता, उजेड आणि रात्री उशिरापर्यंतचा वेळ, एवढ्यासाठी ते पैसे मोजतात. या तिन्ही गोष्टी ग्रंथालयाने द्यायच्या असतात.

सेवेचा दर्जा मोजण्याचे एक शास्त्र आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८८ साली 'सर्वक्वाल' ही प्रश्नावली मांडली. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला प्रत्यक्ष आलेला अनुभव यांतले अंतर म्हणजे सेवेचा दर्जा, हे तिचे सूत्र. त्याच सूत्रावर अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या सहकार्याने २००० साली 'लिबक्वाल' सुरू केले. त्यात मुख्य प्रश्न बावीस. कर्मचाऱ्यांची वागणूक, माहिती स्वतः शोधून मिळवण्याची सोय आणि जागा म्हणून ग्रंथालय, असे त्यांचे तीन गट. प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ पैकी तीन आकडे द्यायचे: किमान किती हवे, मनापासून किती हवे आणि प्रत्यक्षात किती मिळते. आपल्याकडच्या 'उत्तम-चांगली'पेक्षा ही पद्धत कितीतरी प्रामाणिक आहे. ग्रंथालयशास्त्राच्या आपल्याकडील प्रबंधांतही ती वापरली जाते.

पण खरी मेख त्या 'किमान'मध्येच आहे. दोन विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. एकाच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत. तो किमान अपेक्षा ७ लिहितो, मिळते ६. ग्रंथालय एका गुणाने कमी पडले. दुसऱ्याच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट होते. तो किमान अपेक्षा ३ लिहितो, त्यालाही मिळते ६. हिशेबाप्रमाणे ग्रंथालयाने त्याला अपेक्षेपेक्षा तीन गुण जास्त दिले! टेबल तेच, दिवा तोच, क्रमिक पुस्तकाची एकच प्रत आणि तीही बाहेर गेलेली. जो जितका वंचित, त्याला तितके कमी देऊन समाधानी ठरवता येते, असा या गणिताचा अर्थ होतो. दीर्घकाळ अभावात जगणारी माणसे आपल्या इच्छा परिस्थितीला जुळवून घेतात, म्हणून त्यांचे समाधान हे न्यायाचे माप होऊ शकत नाही, असे अमर्त्य सेन यांनी मांडले आहे. आमच्या समाजाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मिळेल त्यात समाधान मानण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मोडणे हेच तर बाबासाहेबांच्या चळवळीचे पहिले काम होते.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. न्यायालयात साक्ष कोणी दिली, कोणासमोर दिली, कोणत्या भाषेत दिली, हे पाहिले जाते. येथे प्रश्नावली बऱ्याचदा इंग्रजीत असते, वर नाव आणि हजेरी क्रमांक असतो, आणि ती घेणाऱ्याच्याच हातून उद्या पुस्तक मिळायचे असते. अशा साक्षीला वजन किती द्यायचे? शिवाय महत्त्वाचे साक्षीदार हजरच नसतात. दिवसा काम करून शिकणारा मुलगा येतो तेव्हा ग्रंथालय बंद झालेले असते. शेवटची एसटी गाठणारी मुलगी तास संपताच निघते. अनामत रक्कम भरता न आल्याने ज्याने ओळखपत्रच काढले नाही, तो या पाहणीत 'वाचक' म्हणून धरला जात नाही.

शनिवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर याचा इतिहास आहे. १८४८ साली पुण्यात पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली, तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्या काळी पुण्यातल्या वाचकांचे समाधान कोणी मोजले असते, तर त्या मुलींना कोणी विचारले असते काय? त्या वाचकांत मोडतच नव्हत्या. फुल्यांनी वाचकांचे समाधान वाढवले नाही, वाचक कोण हेच बदलले. ग्रंथालयाची खरी कसोटी तीच आहे.

मोजण्याची सरकारी रीत याला पुरी पडत नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या नॅकने २०१७ च्या आराखड्यात विद्यार्थी समाधान पाहणी आणली, पण तिचे प्रश्न मुख्यतः वर्गातल्या शिकवण्याविषयी होते. ग्रंथालयापुरते पुस्तके किती, खर्च किती, वापर किती, एवढे आकडे जमवले गेले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठ ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' हे भारदस्त नाव दिले. नाव मोठे झाले, दरवाजा किती वाजेपर्यंत उघडा राहतो ते सांगा!

आमचा रोष ग्रंथपालांवर नाही. अपुऱ्या माणसांत ग्रंथालय चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देऊन संस्थाचालकांनी आणि शासनाने सुटू नये. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रश्नावली मराठीतही असावी, निनावी असावी आणि ग्रंथालयाबाहेरच्या व्यक्तीने घ्यावी. ग्रंथालयात न येणाऱ्यांना वसतिगृहात, कॅन्टीनमध्ये आणि शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांत जाऊन विचारावे. निकाल एका सरासरीत बुडवू नयेत. शिष्यवृत्तीधारक, घरात पहिल्यांदाच शिकणारे, मुली आणि अपंग विद्यार्थी यांचे आकडे वेगळे मांडावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किमान काय द्यायचे हे विद्यार्थ्याच्या अपेक्षेवर सोडू नये. किती तास, क्रमिक पुस्तकाच्या किती प्रती, पुस्तकपेढीचे किती संच, हे संस्थेने लिहून जाहीर करावे. वाचकाचा वेळ वाचवणे ही ग्रंथालयाची जबाबदारी आहे, हे रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले आहे.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) मधील पंधराव्या बाबीनुसार जनतेसाठी चालवलेल्या ग्रंथालयाच्या किंवा वाचनालयाच्या वेळा सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत. आमचे ग्रंथालय फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे, अशी पळवाट कोणी काढली, तर कलम ६ चा अर्ज आहेच. विद्यापीठाकडे आणि अनुदानित महाविद्यालयाकडे विचारा: मागील पाहणीच्या प्रश्नावल्या दाखवा, त्यांतल्या तक्रारी दाखवा, त्यांवर काय केले ते कागदावर दाखवा. दहा रुपयांच्या या अर्जातून समाधानाच्या टक्केवारीचा खरेखोटेपणा बाहेर येईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, प्रश्नावली हाती आली तर 'चांगली' या शब्दावर खूण करून मोकळे होऊ नका. रिकामी जागा असेल तेथे काय मिळत नाही ते लिहा. किती वाजता दार बंद झाले, कोणते पुस्तक किती दिवस मिळाले नाही, बाहेर खुर्चीसाठी महिन्याला किती रुपये मोजता, तेही लिहा. ग्रंथालय हा कोणी केलेला उपकार नाही. कमी मागाल, तर कमीच मिळेल, आणि वर समाधानी म्हणून तुमचीच नोंद होईल!