आजारी मूल एकटं नसतं

लहान मूल मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलं की सगळं घरच आजारी पडतं. आई मुलाजवळ शहरातल्या दवाखान्यात, वडील पैशांच्या मागे, धाकटं भावंड मामाकडे आणि घरी म्हाताऱ्या सासूबाई गुरं सांभाळत बसलेल्या. मुलाला डॉक्टर तपासतात. या विस्कटलेल्या घराला कोण तपासणार?

मैत्रिणींनो, त्यासाठीही मोठ्या दवाखान्यात एक माणूस नेमलेलं असतं. सरकारी कागदावर त्यांचं नाव 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' आणि वॉर्डात 'सोशल वर्कर मॅडम'. आपल्यापैकी बहुतेकींना त्यांची ओळख एवढीच, की बिल कमी करून हवं असेल तर त्यांच्या सहीसाठी रांग लावायची. ही समजूत अपुरी आहे आणि तिची किंमत मुलांना मोजावी लागते, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम आपल्याकडे नवं नाही. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६मध्ये मुंबईत सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे १९४६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली, ती देशातली पहिली मानली जाते. म्हणजे आजारामागचं घर बघायला हवं, हे तेव्हाच उमगलं होतं.

याचा उपयोग किती, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या उदाहरणावरून कळतं. तिथे गावोगावहून कर्करोग झालेली मुलं येतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप उतरतो, मूल खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, झालं बरं! इकडे भाड्याच्या खोलीचे पैसे संपलेले, तिकडे सोयाबीन काढणीला आलेलं. मग बॅग भरली जाते आणि पुढच्या तारखेला मूल येतच नाही. बरा होऊ शकणारा आजार तेवढ्यानं हाताबाहेर जातो.

२००९मध्ये या रुग्णालयात साधारण पाचातल्या एका मुलाचे उपचार असे नाकारले जात किंवा अर्ध्यावर सुटत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. त्यासाठी काय केलं? पैशांची जुळवाजुळव, राहण्याची सोय, मुलांना पोषक आहार, आई-वडिलांशी बोलणं, आणि तारीख चुकली की लगेच फोन करून 'का आला नाहीत?' ही चौकशी. २००६मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी अशा कुटुंबांना मोफत निवारा दिला. आईला तिथे स्वतःच्या हाताने मुलासाठी भात-वरण शिजवता येतं. यातलं काहीच औषधाच्या चिठ्ठीवर नसतं, पण त्यावाचून औषध पोटात जातच नाही.

दुसरी गोष्ट फक्त बायकांनाच कळेल. मुलाच्या हृदयाला छिद्र निघालं किंवा ओठ दुभंगलेला असला, की पहिलं बोट आईकडे वळतं. 'ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का?' 'तुझ्या माहेरी कुणाला होतं?' ती बिचारी आधीच रात्र रात्र जागलेली, वर हे ओझं! चांगली समाजसेविका अशा वेळी सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्याला बोलावून डॉक्टरांच्या तोंडून सांगवते, की यात आईचा काही दोष नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय गावाकडचे थोरले दीर फोनवर घेत असतील, तर त्यांनाही समजावते. आणि मुख्य म्हणजे आईला विचारते, 'तुम्ही जेवलात का? तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न तिला कित्येक दिवसांत कुणी विचारलेला नसतो.

आता योजनांचं बघू. योजना खरोखर कमी नाहीत. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६पासून धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी-शाळांतून मुलं तपासतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३मध्ये झाला. पण वॉर्डात अडतं कुठे? मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं! आधारवर एक आडनाव, जन्मदाखल्यावर दुसरं. वडील तहसील कचेरीच्या फेऱ्या मारतात आणि तोवर आई एकटीच वॉर्डात बसून असते.

योजना आणि खाट यांच्यामध्ये जोडणारा माणूस लागतो, तो हा. पण अनेक वॉर्ड मिळून एकच समाजसेविका असेल, तर तिचा दिवस कागदांतच जाणार. आईशेजारी पाच मिनिटं बसायला तिला वेळ कधी मिळणार? नवी इमारत झाली, नवं मशीन आलं की फीत कापली जाते, फोटो छापून येतात. समाजसेविकेचं पद भरलं म्हणून कुणी फीत कापत नाही. मग त्या पदाची आठवण तरी कोण ठेवणार? ती आपणच ठेवायला हवी.

म्हणून काही गोष्टी आजच करूया. घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव रेशनकार्डावर आहे ना, बघा. मूल दाखल झालं तर पहिल्याच दिवशी 'समाजसेवा विभाग कुठे आहे?' असं विचारा. बिल हातात पडेपर्यंत थांबू नका. तिथे फक्त पैशांचं बोलू नका. राहायची अडचण, घरातलं बोलणं, मनातली भीती सगळं सांगा. ती भीक नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

आणि शेजारचं मूल उपचार घेऊन परतलं, तर बचत गटातल्या बायांनी एवढंच करावं: त्याची पुढची तारीख आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तारीख जवळ आली की त्यांच्या दारात जाऊन म्हणावं, 'तू जा गं बाई, धाकट्याला आम्ही बघतो.'