जनुकांचा अहवाल आणि आईचं ताट

‘लाळेचा नमुना पाठवा, तुमच्या जनुकांनुसार आहार सांगतो,’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या दिसतात. घरात वडिलांना हृदयविकार आणि काकांना मधुमेह असला, की हात आपोआप त्या बटणाकडे जातो. पैसे भरण्याआधी म्हैसूरच्या एका जुन्या नोंदवहीबद्दल वाचा.

फुलांच्या आणि केळ्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या देवराज मोहल्ल्याला लागूनच मंडी मोहल्ला आहे. तिथलं होल्ड्सवर्थ मेमोरियल हे मिशन हॉस्पिटल जुन्या म्हैसूरकरांना चांगलं ठाऊक आहे. १९३४ पासून तिथे जन्मलेल्या बाळांचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नर्स नेमाने लिहून ठेवत. पुढे या नोंदी सोन्याच्या मोलाच्या ठरल्या. संशोधकांनी त्या आधारे हॉस्पिटलच्या आसपास राहणारे ५१७ जण शोधले आणि त्यांची हृदयतपासणी केली. निष्कर्ष १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. जन्मताना अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांत ११ टक्क्यांना हृदयविकार होता. तीन किलोंच्या वर भरलेल्यांत फक्त ३ टक्क्यांना. बाळ हलकं आणि गरोदरपणी आईचं वजनही ४५ किलोंच्या आत, अशा लोकांत तर प्रमाण सर्वांत जास्त होतं.

म्हणजे घराण्यात चालत आलेलं सगळंच जनुकांतून येतं असं नाही. काही आईच्या ताटातूनही येतं.

पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. आपली बाळं दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी मात्र फारशी कमी नाही. मोठेपणी मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण जन्मतःच दिसते. याच मुलांत आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध सर्वाधिक होता. (म्हणून डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नका, ती बाळाच्या मणक्यासाठी लागतेच. बी-१२ तेवढं तपासून घ्या.)

मग जनुकांचं काय? त्यांचं महत्त्व आहेच. काही घराण्यांत एका बिघडलेल्या जनुकामुळे तरुणपणीच कोलेस्टेरॉल खूप वाढतं. तिथे नुसतं पथ्य पुरत नाही, औषध घ्यावंच लागतं. पण ‘तुमच्या जनुकांना भात चालत नाही, तूप चालतं’ या प्रकारच्या सल्ल्याला फारसा आधार नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा आहार दिला. जनुकांवरून कुणाला कोणता आहार मानवेल, हे काही सांगता आलं नाही. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्या मते तरी अहवालाचे पैसे साध्या रक्ततपासणीवर खर्च करावेत.

वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना ते वयासह सांगा आणि कोलेस्टेरॉल तपासा. कंबर मोजा : पुरुषांची ९० सें.मी. आणि बायकांची ८० सें.मी.च्या आत हवी, मग वजनकाटा काही का म्हणेना. शाकाहारी असाल तर बी-१२ भाजीत शोधू नका. ते दूध-दह्यात थोडंफार असतं आणि कमी पडलं तर गोळी किंवा इंजेक्शन मिळतं.

आणि घरात गरोदर लेक किंवा सून असेल, तर सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं, तिच्या पानात आधी वाढा.