बाळाला कोण बघणार?

बाळंतपणानंतर कामावर परत जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘बाळाला कोण बघणार?’ मलाही विचारला गेला. माझ्या नवऱ्याला मात्र कुणीच विचारला नाही!

म्हणून मला जर्मनीच्या मेलनी लॉयपोल्झबद्दल लिहावंसं वाटलं. ही फुटबॉलमधली मिडफिल्डर. म्हणजे पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि मागच्यांच्या मदतीलाही धावायचं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. २०२२ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबकडून खेळताना तिला दिवस गेले. मुलगा झाला आणि २०२३ च्या सुरुवातीला ती पुन्हा मैदानात उतरली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात वर्ल्ड कप खेळायला गेली, तेव्हा बाळ आणि त्याला सांभाळणारी बाई, दोघंही बरोबर होती. जर्मनीचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला, पण तो काही बाळामुळे नव्हे!

आपण लगेच म्हणतो, ‘काय बाई जिद्द!’ जिद्द आहेच हो. पण नुसत्या जिद्दीवर बाळ सांभाळलं जात नाही. २०२१ पासून फिफाचा नियम आहे : व्यावसायिक खेळाडूला बाळंतपणाची किमान १४ आठवडे रजा, निदान दोन तृतीयांश पगार, आणि परतल्यावर क्लबनं तिला सामावून घ्यायचं.

मैत्रिणींनो, आपल्या सुनेचं, जावेचं कौतुक जरूर करू या. पण ‘बाळाला कोण बघणार?’ असं तिला विचारण्याआधी ‘आम्ही आहोत, तू जा’ एवढं म्हणता येईल ना?