फिरत्या निरोपांची परीक्षा

समाजमाध्यमें वर्गांत आणावीं कीं न आणावीं, हा वाद हल्लीं पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. आमचें मत असें कीं, तीं अवश्य आणावीं; मात्र गुरु म्हणून नव्हे, पूर्वपक्ष म्हणून. आपल्या शास्त्रग्रंथांची परिपाठी वाचकांस ठाऊकच आहे. ज्या मताचें परीक्षण करावयाचें तें आधीं नीट मांडावयाचें, मग कसास लावावयाचें, आणि शेवटीं सिद्धान्त सांगावयाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप हा असा आयता पूर्वपक्ष होय.

उदाहरणार्थ, दिवाळीच्या दिवसांत निळ्या, हिरव्या व तांबड्या ठिपक्यांनीं भरलेलें भारताचें एक चित्र घरोघर येतें. दिवाळीच्या रात्रीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें तें आकाशांतून टिपलें, असें खालीं लिहिलेलें असतें. शिक्षकानें तें वर्गांत दाखवून मुलांस विचारावें: दिव्यांचा उजेड पिवळसर, मग हे रंग आले कोठून? पणतीचा प्रकाश एवढ्या उंचीवरून दिसेल काय? शोध घेतां मुलांस कळेल कीं, हें एका रात्रीचें छायाचित्रच नव्हे. अमेरिकेच्याच नोआ या संस्थेंतील एका शास्त्रज्ञानें उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून तें तयार केलें. पांढरा रंग १९९२ पूर्वींच्या दिव्यांचा. १९९२ मध्यें नव्यानें दिसूं लागलेले दिवे निळे, १९९८ मधील हिरवे, २००३ मधील तांबडे. वस्ती कशी वाढत गेली हें दाखविणें, एवढाच त्याचा हेतु. नासानेंच २०१२ मध्यें हा खुलासा केला. एका चुकीच्या निरोपांतून भूगोलाचा व प्रकाशाचा असे दोन धडे निघाले.

न्यायशास्त्रांत शब्द हें प्रमाण मानिलें आहे, पण तो आप्ताचा. आप्त म्हणजे ज्यास वस्तूचें यथार्थ ज्ञान आहे व जो तें जसेंच्या तसें सांगूं इच्छितो. मराठींत आप्त म्हणजे नातलग; घोटाळा होतो तो येथेंच! मामांनीं धाडलें म्हणून तें खरें, असें मूल मानूं लागतें. मामांनाहि तें कोणा तिसऱ्यानेंच धाडलेलें असतें.

ही केवळ बुद्धीची करमणूक नव्हे. मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेपायीं १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारिलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें, भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये अशी मर्यादा जाहीर केली. पण एकदांहि न धाडण्याचा विवेक यंत्र शिकवीत नाहीं. तो वर्गांतच शिकवावा लागतो.

यासाठीं मुलांच्या हातीं फोन देण्याचें कारण नाहीं. निरोप शिक्षकानेंच निवडावा, धाडणाराचें नांव व क्रमांक झांकावा, आणि आठवड्यांतून एक तास त्यास द्यावा. मूळ सांगणारा कोण? त्यानें पाहिलें कीं ऐकलें? केव्हांचें? दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणीं आधार आहे काय? एवढे चार प्रश्न पुरेत.

आणि घरीं नातवानें, "आजोबा, हें पडताळून पाहिलें कां?" असें विचारलें, तर वडील मंडळींनीं रागावूं नये. निरोप पुढें न धाडतां त्याला जवळ बसवावें, आणि दोघांनीं मिळून तो पडताळावा.