अर्ध्या कोयत्याला काम कोण देणार?

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा वारला किंवा टाकून गेला, की कालपर्यंत बरोबरीने ऊस तोडणारी बाई अर्धा कोयता होते. हात तेच, मोळी बांधायचा सराव तोच. पण उचल निम्मी, नाहीतर मुळीच नाही. मग ती भावाला गळ घालते, दिराच्या विनवण्या करते. कुणीच मिळालं नाही तर हाताशी आलेल्या पोराला जोडीला घेते, आणि त्याची शाळा तिथेच सुटते.

आता बीडहून सोलापूरला या. पूर्व भागातल्या गल्ल्यांत दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं कातरीने कापायची, वळायची, दोऱ्याने बांधायची आणि कारखान्यात नेऊन द्यायची. मजुरी हजार विड्यांमागे. तपासणीत छाट निघाली की तेवढी मेहनत पाण्यात. तंबाखूची धूळ छातीत जाते ती वेगळीच. या धंद्याची भलामण करावी असं त्यात काही नाही. पण विडी वळायला जोडीदार लागत नाही, आणि पोर शेजारी बसून अभ्यास करू शकतं. म्हणून सोलापूरची एकटी आई निदान कामावर असते, तर तितकीच कष्टाळू बीडची एकटी आई अजून जोडी शोधत असते. दोघींच्या जिद्दीत काही फरक नाही. फरक आहे तो जिल्ह्यातल्या धंद्यात.

विदर्भात गोष्ट आणखी निराळी. कापसाची वेचणी किलोवर असते, तिथे एकटीलाही काम मिळतं. मात्र वेचणी संपली की पावसाळ्यापर्यंत हात रिकामे. शेत असलं तरी सातबारा सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे हयात असेपर्यंत सुनेचं नाव सहसा लागत नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. शेतकरी आत्महत्येनंतरची एक लाखाची मदत २००६ पासून चालू आहे; त्यातले ३० हजार हातात पडतात आणि ७० हजार ठेवीत जातात. ही मदत झाली, रोजगार नव्हे. मुंबई-ठाण्यात उलटा प्रकार. धुणीभांडी, पोळ्या, म्हाताऱ्यांची देखभाल, चार घरं धरली की काम आहे. पण खोलीचं भाडं एकटीने भरायचं, आणि अंगणवाडी दुपारी सुटल्यावर पोराला कुठे ठेवायचं, याला उत्तर नाही.

एकट्या वडिलांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांचेही हाल होतात. पण त्यांच्या घरी बहुधा आजी असते, आणि बायको गेली म्हणून मुकादम पुरुषाला कामाला नालायक ठरवत नाही.

आपल्या योजना मात्र साऱ्या राज्याला एकाच मापाच्या. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १७५०. गडचिरोलीला हीच अट आणि घाटकोपरलाही हीच. चार पैसे नियमित कमावणारी बाई या अटीत बसूच शकत नाही. बसायचं तर काम सोडायचं, नाहीतर तलाठ्याकडे खोटं सांगायचं. बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २२५० रुपये खरोखर उपयोगी आहेत, त्याबद्दल विभागाचे आभारच मानायला हवेत. पण त्याही पैशाने मुकादमाचं मन वळत नाही.

म्हणून माझी मागणी अनुदान वाढवण्याची नाही. कोणत्या जिल्ह्यात किती एकट्या आया काय काम करतात आणि कोणत्या कारणाने कामाबाहेर राहतात, हे आधी मोजा. केंद्राच्या श्रमबल पाहणीत वैवाहिक स्थितीचा रकाना असतो, पण नवऱ्याने टाकलेली बाई बरेचदा ‘विवाहित’ म्हणूनच नोंदवली जाते. कोरोनात विधवा झालेल्या बायकांसाठी आपल्याच विभागाने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ उभं केलं, तहसीलदारांना तालुका समित्यांवर बसवलं. तेव्हा जमलं ते आताही जमेल. गावोगावी कोण एकटी आहे हे अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असतं. तिला फक्त कुणी विचारत नाही. (विचाराल तेव्हा त्या कामाचा मोबदला वेगळा द्या, तिच्या गळ्यात आधीच बरंच आहे.)

आणि मोजल्यावर जिल्ह्यागणिक वेगळं काही करा. जिल्हा वार्षिक योजनेत महिला-बालविकासासाठी ३ टक्के निधी राखीव आहेच. बीडमध्ये तो एकट्या बायकांच्या टोळ्यांना, त्यांच्या नावाने करार आणि उचल मिळवून द्यायला वापरा. मुंबई-ठाण्यात संध्याकाळी सातपर्यंत चालणारं पाळणाघर हवं. यवतमाळात मार्च ते जून या महिन्यांसाठी गावातच काम हवं, आणि कामावर पाळणा हवा.

यंदाच्या हंगामाच्या उचली वाटल्या जाण्याआधी निदान बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र जावं: किती अर्धे कोयते गावात मागे राहिले, याची यादी पाठवा.

कळावे,
आपली,
ग्रामीण भागात बातमीदारी करणारी एक पत्रकार