चाळीसच्या दिव्याची बाजू

वसईत फोटोच्या बाबतीत सध्या दोन पक्ष आहेत. एक फ्लॅशवाल्यांचा आणि दुसरा धूसरवाल्यांचा. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, घरात अंधार असेल तर तो शिल्लक ठेवायचा नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, घर असेल तर ते फोटोत दिसू द्यायचे नाही. लग्नसराईत हे दोन्ही पक्ष एकाच मांडवात, एकाच कंत्राटात सुखाने नांदतात. मी तिसऱ्या पक्षाचा. आमच्या पक्षाची सभासदसंख्या एक असून निवडणूक-चिन्ह जुना रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्यावरची फास्ट वाइड-अँगल लेन्स हे आहे.

आता ‘फास्ट’ म्हटल्याबरोबर वसईकराच्या डोळ्यांपुढे विरार फास्ट उभी राहते आणि त्याचा हात आपोआप खिशातल्या पाकिटाकडे जातो, हे मी जाणून आहे. पाकिटाचा संबंध इथेही येतो, पण फास्ट वेगळी. लेन्समध्ये उजेड आत यायला एक भोक असते. ते जितके मोठे उघडेल तितकी लेन्स फास्ट. त्या भोकाचे आकडे मात्र उलटे चालतात. आकडा लहान, तितके भोक मोठे, कारण तो भाजक आहे. माझी लेन्स पस्तीस मिलिमीटरची आणि तिचा आकडा १.८. पस्तीसला १.८ ने भागा, एकोणीस-वीस मिलिमीटर येतात. म्हणजे हल्लीच्या चिमुकल्या एक रुपयाच्या नाण्याएवढे भोक. तेच ५.६ वर आणा, की ते वाटाण्याएवढे होते आणि उजेड साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. हा सगळा हिशेब मी सौ.ला कागदावर मांडून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे तुम्ही भोकाचे पैसे दिलेत.”

शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर असल्यामुळे मला काही बोलता आले नाही.

आधी फ्लॅशवाल्यांकडे वळतो, कारण ते संख्येने जास्त. आमच्याकडची जुनी घरे तुम्ही पाहिली असतील. गास, गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी, कुठेही जा. वाडीत केळी, पानवेली, विहीर नाहीतर बावखल, आणि मधोमध कौलारू घर. ओटीवर उजेड भरपूर, पुढे पडवीत थोडा, आणि माजघरात बेताचा. कौलांत कुठेतरी एक काच बसवलेली असते. तिच्यातून दुपारी उन्हाची एक तिरपी पट्टी उतरते आणि घड्याळाच्या काट्यासारखी भिंतीवरून सरकत जाते. संध्याकाळी चाळीसचा एक दिवा. (आता तो एलईडीचा झाला आहे, पण आमच्याकडे त्याला अजून चाळीसचाच म्हणतात.) हिंदूच्या घरी देवघरात समई, ख्रिस्ती घरी आल्तारापुढे मेणबत्ती. हा अंधार नव्हे. तो त्या घराचा उजेड आहे. त्या उजेडात माणसे जन्मली, तांदूळ निवडले, भांडली, आजारी पडली, मुलींच्या सोयरिकी ठरल्या. आणि आपण काय करतो, तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात तो पुसून टाकतो.

बरे, पुसून निदान दुसरे काही लिहितो म्हणावे, तर तेही नाही. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. एक मीटरवरच्या नवरीच्या नाकाला जेवढा मिळतो, त्याचा सोळावा हिस्सा चार मीटरवर बसलेल्या आजीला. म्हणून नवरी पिठात लोळल्यासारखी दिसते आणि आजी कोळशाच्या वखारीत बसल्यासारखी. मधले सगळे घर गडप. आजीने त्या घरात साठ वर्षे काढली, आणि घरातल्या शेवटच्या लग्नाच्या अल्बमात तिच्या वाट्याला काय आले, तर लुगड्याचा लाल काठ आणि चष्म्याच्या दोन काचांत दोन फ्लॅश. व्हिडिओवाल्यांचे तर बोलूच नका. ते दोन दांड्यांवर एलईडीचे पत्रे बसवून आणतात आणि ते लावले, की म्हातारी माणसे डोळ्यांवर हात घेतात. पोलिसांनी पकडलेल्या इसमांचे फोटो वर्तमानपत्रात येतात ना, तसे.

फ्लॅशशी असलेले हे वैर मी काढलेले नाही, त्याला थोर परंपरा आहे. सेवाग्रामला गांधीजींचे फोटो काढले ते नात्याने त्यांचे नातू लागणाऱ्या कनू गांधींनी. कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये दिले घनश्यामदास बिर्लांनी, आणि परवानगी दिली बापूंनी, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्या म्हणायचे नाही आणि आश्रम या प्रकाराला पैसे देणार नाही. (पहिल्या दोन अटी मी स्वखुशीने पाळतो. तिसरी आमच्या घरी सौ. पाळते.) १९३८ पासून दहा वर्षे कनूभाईंनी त्या अटींवर फोटो काढले. पुढे १९४६ साली ‘लाइफ’च्या मार्गारेट बर्क-व्हाइट आल्या. चरख्याजवळचा फोटो हवा तर आधी सूत कातायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले आणि नंतर मोजून तीन फ्लॅश-बल्ब मंजूर झाले. रेशनिंगवर साखर मिळायची तसे.

आणि ३० जानेवारी १९४८ ची रात्र. बिर्ला भवनात गांधीजींचा देह ठेवला होता. तिथे या बाईंनी फ्लॅश उडवला. लोक इतके संतापले की फिल्म काढून घेण्यात आली आणि बाईंना बाहेर जावे लागले. त्याच रात्री आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच गृहस्थ छोटा लायका घेऊन तिथेच होते. लायका म्हणजे रेंजफाइंडरच. फाटकापाशी उभे राहून नेहरू जमावाला ती बातमी सांगताहेत, हा त्यांचा फोटो. तो काही काचेसारखा स्वच्छ नाही. पण ती रात्र रात्रच दिसते. फ्लॅश टाकला असता तर नेहरूंचा कोट उत्तम आला असता.

आता दुसरा पक्ष. हे लोक माझ्यापेक्षाही फास्ट लेन्सा घेतात, १.४ काय, १.२ काय, त्यामुळे माझे मित्र असायला हवेत. पण त्यांना ते मोठे भोक अंधारासाठी नकोच असते. त्यांना मागचे सगळे विरघळवायचे असते. माझ्या एका भाच्याने असा एक फोटो अभिमानाने दाखवला. त्यात त्याच्या होणाऱ्या बायकोची डावी पापणी स्पष्ट होती. उजवीबद्दल मतभेद होऊ शकतील. मागे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल काहीतरी. मी विचारले, “कुठे काढलास?”

“मामा, किल्ल्यात!”

चिमाजी अप्पांनी १७३९ साली एवढ्या कष्टाने घेतलेला वसईचा किल्ला आमच्या भाच्याने एका चुटकीसरशी घालवला. आणि तो दिवसाढवळ्या, भर उन्हात! ज्या लेन्सने अंधारात बघायचे, ती उन्हात नेऊन आंधळी करायची, हे म्हणजे चष्मा घेऊन तो डोक्यावर लावण्यापैकी झाले.

वाइड-अँगल लेन्सचा तर स्वभावच मुळी घरातल्या थोरल्या बाईसारखा. सगळ्यांना पंगतीत घ्यायचे. पस्तीसची लेन्स दोन मीटरवरून साधारण दोन मीटर रुंदीचे दृश्य पकडते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तरी माणूस, त्याची खाट, खिडकी आणि भिंतीवरचे कॅलेंडर एका फोटोत मावते. भोक पूर्ण उघडे असले, तरी दोन मीटरवर सव्वा फुटापर्यंतचे स्पष्ट येते. पन्नासच्या लेन्सला तेवढ्याच भोकात त्याच्या निम्मेही जमत नाही. आणि त्या सव्वा फुटापलीकडचे नाहीसे होत नाही, नुसते जरा मऊ होते. कपाट कपाटच राहते. अंधारही सोसायचा आणि घरही सोडायचे नाही, असा संसार एका लेन्सने करायचा तर ती फास्ट हवी आणि वाइडही हवी.

आणि ती रेंजफाइंडरवरच का, हे विचारणारे लोक असतात. त्यात आरसा नसतो. मोठ्या कॅमेऱ्यात बटन दाबले की आरसा धाडकन वर उडतो. तो हादरा इथे नाही, म्हणून सेकंदाचा पंधरावा भागही हातात पेलता येतो. आरशासाठी जागा सोडायची नसल्यामुळे लेन्स फिल्मच्या जवळ बसते आणि लहान राहते. फोकस करायला वेगळी खिडकी असते. तिच्या मधल्या चौकोनात एकाची दोन माणसे दिसतात, कडे फिरवून ती एक करायची. हे मिटक्या उजेडातही जमते, कारण ती खिडकी लेन्समधून बघतच नाही. हिशेब म्हणाल तर हा घ्या. चाळीसच्या दिव्याखाली, ४०० ची फिल्म, १.८ चे भोक, सेकंदाचा तिसावा भाग. तिथेच ५.६ ची लेन्स घेऊन गेलात, तर सेकंदाच्या तिसऱ्या भागाइतके थांबावे लागेल. तेवढ्यात आमच्याकडची बाई पंगतीला भाकरी वाढून स्वयंपाकघरात परत गेलेली असते.

स्टॅनली कुब्रिकला ‘बॅरी लिंडन’ या १९७५ च्या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग घ्यायचे होते. त्याने नासासाठी बनवलेल्या ०.७ आकड्याच्या झाइस लेन्सा मिळवल्या. मी नासाकडे गेलो नाही. चर्चगेट गाडीने गेलो आणि फोर्टातल्या बोरा बाजारात उतरलो. माझे मामा बोटीवर होते. त्यांनी जपानहून आणलेला कॅनन-७ हा १९६१ च्या घडणीचा कॅमेरा माझ्याकडे आला होता, पण लेन्स पन्नासची. दुकानदाराने पाहताक्षणी मला ओळखले, म्हणजे गिऱ्हाईक कोणत्या जातीचे ते ओळखले, आणि आधी लायकाची १.४ काढून ठेवली. पस्तीसची समिलक्स. हे नाव १९६१ पासून चालत आलेले आहे आणि नवी घ्यायची तर गोष्ट लाखांत जाते. लेन्स उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद वेगळाच आहे. १.४ आणि १.८ मधला फरक सेकंदाच्या तिसाव्या भागाऐवजी पन्नासावा भाग मिळण्याइतका. त्या फरकात माझ्या लहानपणी निर्मळला कौलांसकट घर झाले असते. आणि एवढी महाग लेन्स घेतलेला माणूस ती पंगतीत नेतच नाही. आमटी सांडेल ना! ती कपाटात राहते, आणि तो पाहुण्यांना कपाट दाखवतो.

मी घेतली कॅननची १.८. हा नमुना १९५६ सालचा. आटे ३९ मिलिमीटरचे, जुन्या लायकाच्याच मापाचे, त्यामुळे दोघांत सोयरीक होऊ शकते. घेणाऱ्याला एवढेच सांगेन की दुकानदाराचे बोलणे ऐकू नका, बॅटरी घेऊन जा. भोक पूर्ण उघडून मागून उजेड टाका आणि आत बघा. धुके दिसले तर साफ होण्याची आशा असते. पण जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी, आणि तिने काच खाल्लेली असू शकते. बाहेरचा एखादा ओरखडा मात्र खुशाल चालवून घ्या, भाव पाडायला तो फार उपयोगी. वसईत आणल्यावर लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नका. आमच्या पावसात चामडे आधी ओले होते आणि मग लेन्सला बुरशीची दीक्षा देते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. आमच्या घरी तो डबा पूर्वी चकलीचा होता, यावरून काही काळ तणाव होता.

“पण आता मोबाईल आहे की!” हा आक्षेप मला रोज ऐकू येतो. अहो, तेच तर दुःख! मोबाईलची मुख्य लेन्स म्हणजे फास्ट वाइड-अँगलच की. आज आगाशीपासून नायगावपर्यंत प्रत्येकाच्या खिशात ती आहे. पण तिचे दोन उपयोग होतात. रात्रीचे दहा-बारा फोटो आतल्या आत एकत्र करून मध्यरात्रीची दुपार करायची, नाहीतर मागचे घर यंत्राकडून खोटेखोटे पुसून घ्यायचे. दोन्ही पक्ष एकाच डबीत. तीच डबी माजघरात नेऊन, फ्लॅश बंद करून, आजीला हसायला न सांगता बटन दाबले तर माझ्या पक्षाचा दुसरा सभासद मी तिथल्या तिथे नोंदवून घेईन. वर्गणी नाही. माझ्या रोलला मात्र हजाराच्या आसपास पडतात. उटीच्या ‘इंदू’ फिल्मचा जमाना गेला.

फ्लॅशवाल्या तरुणांशी माझे वैयक्तिक भांडण नाही. हजार माणसांच्या हॉलमध्ये त्यांना तासाभरात प्रत्येक काका-मामाचा आहेर देतानाचा फोटो काढायचा असतो. तिथे उजेड परकाच असतो, खुशाल लावा. मी बोलतो आहे घरांबद्दल. कारण ती घरे एकेक करून उतरत आहेत. आमच्या गल्लीतल्या मावशींचे गेले, तिथे आता सात मजले आहेत आणि मावशींचा त्यात चौथा. घर उतरवण्यापूर्वी एका संध्याकाळी मी त्यांचा माजघरातला एक फोटो काढला होता. चाळीसचा दिवा, मेथी निवडताना, तिसावा भाग. त्याची प्रत मी नव्या जागेत नेऊन दिली. मावशींनी स्वतःकडे पाहिलेसुद्धा नाही. चष्मा वर-खाली करून त्या मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि मुलाला हाक मारून म्हणाल्या, “अरे, ही बघ घडवंची. हिच्यावरच तर तुझा बाबा हिशेब लिहायचा. कुणाला दिलीत रे?” मुलाला आठवेना. तो म्हणाला, “एवढी मोठी होती?”

लग्नाचे तीन अल्बम त्यांच्या घरी आहेत. घडवंची एकातही नाही.

या महिनाअखेर भुईगावला असेच एक लग्न आहे. पावसाळ्याआधी ते घरही उतरणार आहे. कंत्राट दिलेले आहे, सहा दिवे आणि जनरेटर, आणि ते सारे संध्याकाळी सहाला सुरू होईल असे कळते. मी चारला जाणार आहे. नवऱ्यामुलाच्या वडिलांना एवढेच सांगून ठेवले आहे की, बाकी काही करू नका, फक्त कुणाला तरी वर चढवून कौलांतली ती काच पुसून घ्या.