उमेदवार सारखे नव्हते

लंडनच्या महापौरपदाचे उमेदवार पर्यावरणाच्या बाबतीत ‘एकाच माळेचे मणी’ होते, हे गेल्या अंकातील पत्रातलं विधान मला अजिबात पटलं नाही. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या रोजच्या १२.५० पौंडांच्या आकाराची हद्द २०२३ मध्ये महापौर सादिक खान यांनी शहरभर वाढवली. त्यांच्या प्रतिस्पर्धी सुझन हॉल निवडून आल्यास ही वाढीव हद्द पहिल्याच दिवशी रद्द करणार होत्या. हा फरक किरकोळ कसा? लंडनमधल्याच लुईशममध्ये दम्याने गेलेल्या ९ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत होती, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०२० मध्ये नोंदवलं आहे. खान यांचा दोष दाखवायचाच, तर टेम्स नदीखालचा, गाड्यांसाठीचा सिल्व्हरटाउन बोगदा दाखवावा. त्याला विरोध करणाऱ्या ग्रीन पक्षाच्या झोई गार्बेट यांचा पत्रात उल्लेखही नाही.
– एक वाचक, लंडन